दप्तर एक, कारभार निराळे : शरीरातील पेशी आणि सिकलसेलचे कोडे

वाशीम जिल्ह्यातील एका गावी सिकलसेल तपासणीचे शिबिर भरले होते. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात गावकऱ्यांची रांग लागली होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यावा आणि पुढच्यास बोलवावे, असे काम चालले होते. तेवढ्यात शाळेतील एका शिक्षकांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन प्रश्न विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा दोष आईवडिलांकडून येतो आणि मुलाच्या साऱ्या शरीरात असतो, असे आपण सांगता. मग तो रक्तातच का दिसतो? कातडीत, डोळ्यांत, केसांत का दिसत नाही? आणि दोष जन्मापासूनचा असेल, तर मूल पहिले पाच-सहा महिने धडधाकट कसे राहते?"

रांगेतील एका आजीबाईंनी उत्तर देऊन टाकले, "लेकराले नजर लागते गुरुजी, दुसरं काय!"

लोक हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "प्रश्न अगदी योग्य आहेत," ते म्हणाले, "आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे."

ती गोष्ट कोणती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे जे समजले ते डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून समजले. विषय जीवशास्त्राचा असला तरी कचेरीच्या कारभाराची ज्यांना सवय आहे, त्यांना तो अवघड वाटू नये.

विभाजन जिल्ह्याचे आणि पेशीचे

माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात. त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार सांगितले जातात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, चेतापेशी संदेश वाहते, यकृताची पेशी रक्तातील अनेक द्रव्ये तयार करते, तांबडी पेशी प्राणवायू पोचवते. या सर्वांचा उगम मात्र एकाच फलित बीजपेशीत असतो. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, अशा रीतीने हा विस्तार होत जातो.

येथे स्वाभाविकपणे एक शंका येते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कागदपत्रांचीही वाटणी झाली. जे ज्या तालुक्याचे ते त्या जिल्ह्याकडे गेले. पेशींचेही असेच होत असेल काय? यकृताच्या वाट्याला यकृताचे कागद आणि डोळ्याच्या वाट्याला डोळ्याचे, असे घडत असेल काय?

तसे घडत नाही. विभागण्यापूर्वी पेशी आपल्या संपूर्ण दप्तराची दुसरी प्रत तयार करते, आणि दोन्ही कन्यापेशींना एकेक पूर्ण संच मिळतो. हे दप्तर म्हणजे डीएनए. ते ४६ गुणसूत्रांच्या रूपाने पेशीच्या केंद्रकात असते. २३ गुणसूत्रे आईकडून व २३ वडिलांकडून आलेली असतात. एका पेशीतील हा धागा सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या या मजकुरात प्रथिने बनविण्याच्या सुमारे २० हजार सूचना आहेत. अशा प्रत्येक सूचनेस जनुक म्हणतात. काही थोडे अपवाद वगळता शरीरातील प्रत्येक पेशीजवळ हाच संपूर्ण संच असतो.

याचा पुरावा प्रयोगांनी दिला आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून, केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात बसविले. त्यातून पोहणारे पिलू निर्माण झाले. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये मेंढीच्या कासेतील पेशीच्या केंद्रकापासून 'डॉली' जन्मली. आतड्याच्या किंवा कासेच्या पेशीतून डोळे, मेंदू, रक्त यांच्या सूचना नाहीशा झालेल्या असत्या, तर हे शक्य झाले नसते. त्या पेशींत ती पाने होती, फक्त मिटलेली होती.

मूळ कागद आणि त्याची नक्कल

शासनाचे अधिनियम, नियम आणि निर्णय यांचा एकच पूर्ण संच सर्व कचेऱ्यांत ठेवला आहे, अशी कल्पना करावी. कृषी कार्यालय त्यातील शेतीची पाने काढते, शिक्षण विभाग शाळांची, तर बांधकाम विभाग रस्त्यांची. आस्थापना आणि हजेरीची पाने मात्र सर्वांनाच लागतात. पेशींचा कारभारही असाच चालतो. ऊर्जा मिळविणे, झालेली झीज दुरुस्त करणे ही कामे सांगणारी जनुके जवळजवळ सर्व पेशींत चालू असतात. त्यांखेरीज प्रत्येक प्रकारची पेशी आपापल्या कामाची निवडक पाने उघडते. स्वादुपिंडातील ठराविक पेशी इन्सुलिनचे पान उघडतात, त्वचेच्या पेशी केराटिनचे आणि डोळ्यातील भिंगाच्या पेशी क्रिस्टॅलिन नावाच्या पारदर्शक प्रथिनाचे. इन्सुलिनचे जनुक भिंगाच्या पेशीतही आहे आणि क्रिस्टॅलिनचे स्वादुपिंडातही आहे, परंतु तेथे त्यांचा उपयोग केला जात नाही.

उघडलेल्या पानाचे पुढे काय होते? सातबाऱ्याचे मूळ पुस्तक कचेरीबाहेर जात नाही, त्याची नक्कल दिली जाते. पेशीतही मूळ दप्तर केंद्रकातच राहते. हव्या त्या जनुकाची नक्कल आरएनए या द्रव्याच्या रूपात काढली जाते. ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. जनुकातील सूचना अशा रीतीने प्रत्यक्ष कार्यात उतरण्यास जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. पेशीपेशींमधील फरक हा मुख्यतः या अभिव्यक्तीतील फरक आहे. कोणत्या पानाची नक्कल निघाली, किती निघाल्या आणि केव्हा निघाल्या, यावर पेशीचे स्वरूप ठरते.

पाने उघडण्याचे व मिटण्याचे मार्ग अनेक आहेत. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जो भाग बस्त्यात घट्ट बांधलेला आहे, त्याची नक्कल निघत नाही. जो सैल सोडलेला आहे, तो वाचता येतो. काही ठिकाणी धाग्यावर मिथिल गटाची बारीक रासायनिक खूण केलेली असते. पुष्कळदा तिचा अर्थ 'हे पान उघडू नये' असा होतो. याशिवाय नियंत्रक प्रथिने असतात. ती जनुकाजवळच्या, कधी जनुकापासून बऱ्याच दूरच्या, ठराविक जागी जाऊन बसतात आणि नक्कल काढण्यास मंजुरी देतात किंवा मनाई करतात. नक्कल निघाल्यानंतरही ती रद्द होऊ शकते. हे काम करणाऱ्या सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीचे विभाजन होताना यांपैकी अनेक खुणा नव्या पेशींकडे जातात. म्हणूनच यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी निर्माण होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर

आता शिबिरातील शिक्षकांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनलेले असते. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. सिकलसेलमध्ये या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याचे ताठर दोर बनतात आणि वाटोळी, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. या पेशींचे वर्णन शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले होते. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून विदर्भ आणि सिकलसेल यांचा संबंध वैद्यकशास्त्रास परिचित आहे.

बदललेले अक्षर रुग्णाच्या त्वचेच्या, डोळ्याच्या आणि केसाच्या मुळातील पेशींतही आहे. परंतु त्या पेशी बीटा साखळीचे पान उघडतच नाहीत. जे पान वाचले जात नाही, त्यातील चूक कामात उतरत नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडविणाऱ्या मातृपेशी मात्र हे पान उघडतात आणि त्याच्या असंख्य नकला काढतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, आणि निरोगी प्रौढाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. या पेशी रक्तात उतरण्यापूर्वी आपले केंद्रक, म्हणजे सगळे दप्तरच, टाकून देतात आणि बनवून ठेवलेल्या हिमोग्लोबिनवर सुमारे १२० दिवस काम करतात. सिकलसेलच्या रुग्णात हेच आयुष्य १० ते २० दिवसांवर येते. म्हणून रुग्णास पांडुरोग होतो.

रक्त सर्वत्र खेळत असल्याने त्याचे परिणामही सर्वत्र जाणवतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे, प्लीहा, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत इजा पोचते. चूक वाचली जाते एकाच ठिकाणी, पण तिची झळ साऱ्या शरीराला बसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

पेशी कोणते पान उघडते याइतकेच, ते केव्हा उघडते हेही महत्त्वाचे आहे. आईच्या पोटातील गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी गर्भाचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. गॅमाचे जनुक बीटाच्या शेजारीच, त्याच अकराव्या गुणसूत्रावर आहे. भ्रूणावस्थेतील जनुक, मग गर्भावस्थेतील गॅमा आणि त्यानंतर बीटा, अशी ही जनुके ज्या क्रमाने उघडायची त्याच क्रमाने धाग्यावर मांडलेली आहेत. जन्मसमयी बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. पुढील काही महिन्यांत गॅमाचे पान मिटत जाते आणि बीटाचे पूर्णपणे उघडते. सहा महिन्यांच्या सुमारास हा बदल बराचसा झालेला असतो.

दोष बीटाच्या पानात आहे, गॅमाच्या पानात नाही. म्हणून जोवर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुरेसे आहे, तोवर बाळ सुरक्षित असते. सिकलसेलच्या नवजात बालकांत वाकड्या पेशी फार कमी का आढळतात, याचे हे कारण असावे, असे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली सुचविले होते.

नेमके हेच महिने गावात गैरसमजाचे ठरतात. पाच-सहा महिन्यांपर्यंत खेळणारे बाळ एकाएकी रडू लागते, हातापायांचे पंजे सुजतात, डोळे पिवळे दिसतात, ताप येतो. कोणी दात येत असल्याचे सांगतो, कोणी दृष्ट काढतो. यात दोन-चार दिवस गेले, तरी ते बाळाच्या जिवावर बेतू शकते. कारण सिकलसेलमध्ये प्लीहा लवकर निकामी होते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. लहान रुग्णांना नियमितपणे पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसून आले. रोग आधी कळला, तरच हा उपाय करता येतो.

तपासणीबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिबिरात केली जाणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांखालील बालकात फसवी ठरू शकते, कारण दोषी हिमोग्लोबिन तेव्हा पुरेसे तयार झालेलेच नसते. अशा बालकासाठी एचपीएलसीसारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणारी तपासणी करावी लागते. मोठ्यांचा प्राथमिक निकाल सदोष आला, तरी निश्चित निदान याच प्रकारच्या तपासणीने होते.

मिटलेले पान पुन्हा उघडणे

गॅमाचे पान मिटते, पण नाहीसे होत नाही. मग ते पुन्हा उघडता येईल काय? या एका प्रश्नातून सिकलसेलवरील उपचारांची नवी दिशा सापडली. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात मोठेपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते आणि त्यामुळे काही रुग्णांना त्रास कमी होतो. तथापि विदर्भात तीव्र त्रास असलेले रुग्णही पुष्कळ आढळतात. म्हणून 'आपल्याकडचा रोग सौम्य आहे' या समजुतीवर विसंबून राहणे बरोबर नाही.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके त्यामुळे सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक काळाने रक्त तपासून आणि रोज नियमितपणे घ्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद केली, तर पान हळूहळू पुन्हा मिटते. गोळ्या घरात असताना त्या न घेणे, ही टाळण्यासारखी हानी आहे.

गॅमाच्या पानाला मनाई करणाऱ्या प्रथिनाचे नाव बीसीएल११ए. त्याचे हे कार्य २००८ साली स्पष्ट झाले. परंतु हे प्रथिन शरीरातील इतर काही पेशींनाही आवश्यक असते. ते सर्वत्र बंद करून चालणार नाही. पुढे २०१३ साली असे आढळले की, या प्रथिनाच्या जनुकाला तांबड्या पेशींच्या मातृपेशींत चालना देणारा एक स्वतंत्र भाग आहे. तेवढाच भाग कापला, तर मनाई केवळ रक्तात उठते आणि इतर पेशींच्या कारभारास धक्का लागत नाही. या तत्त्वावरील 'कॅसगेव्ही' या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच मातृपेशी काढून त्यांत ही दुरुस्ती केली जाते व त्या परत दिल्या जातात. अमेरिकेत या उपचाराची घोषित किंमत २२ लाख डॉलर आहे. सामान्य रुग्णाच्या दृष्टीने तो अद्याप दूरच आहे. आपल्या हाती आज आहेत त्या तपासणी, नियमित औषध आणि योग्य सल्ला या गोष्टी.

गावाने काय करावे

प्रत्येकास बीटा जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील, तर ती व्यक्ती रुग्ण होते. एकच सदोष असेल, तर ती वाहक होय. वाहकाच्या मातृपेशी दोन्ही प्रती वाचतात, परंतु त्याच्या रक्तात निरोगी हिमोग्लोबिनच अधिक असते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करतो, नोकरी करतो आणि सर्वसाधारण आयुष्य जगतो. हा रोग स्पर्शाने, जेवणाने किंवा एकत्र राहण्याने पसरत नाही. वाहक मुलीचे लग्न मोडणे किंवा तिच्या घराला नावे ठेवणे, यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

वाहकाचा विवाह वाहकाशी झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून लग्न ठरविण्यापूर्वी दोघांनीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. दोघेही वाहक असलेल्या दांपत्यास गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करून घेता येते. त्या वेळी गर्भाचे रक्तही आवश्यक नसते, वारेच्या बारीक तुकड्यातील पेशी पुरतात. त्या पेशी हिमोग्लोबिन बनवीत नाहीत, पण दप्तर पूर्ण असल्यामुळे न उघडलेले ते पानही प्रयोगशाळेत वाचता येते. पेशींचा हा नियम येथे थेट एका कुटुंबाच्या उपयोगी पडतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असल्याने पात्र रुग्णांना त्याखालील लाभही मागता येतात.

अभियान कितीही मोठे असले, तरी त्याचे यश गावातच ठरते. शिक्षकांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत आनुवंशिकता शिकविताना फळ्यावर वाटाण्याच्या उदाहरणाबरोबर सिकलसेलचेही उदाहरण घ्यावे. वर्गातील एखादा विद्यार्थी वरचेवर सांधेदुखीने गैरहजर राहत असेल, तर त्यास आळशी न ठरविता तपासणीस पाठवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तपासणीचा दिवस जाहीर करावा आणि शेतीच्या कामांतूनही लोक येऊ शकतील अशी वेळ ठरवावी. तपासणीचा निकाल ही त्या व्यक्तीची खाजगी बाब आहे. तो फलकावर लावू नये किंवा चावडीवर चर्चेस आणू नये. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याचे बाळ वरवर कितीही गुटगुटीत दिसत असले, तरी त्याच्या तपासणीचा आग्रह अंगणवाडी सेविका व आशाताई यांनी धरावा.

त्या शिबिरात डॉक्टरांनी हे सर्व थोडक्यात सांगितले, तेव्हा आजीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी आपले बोट पुढे केले आणि विचारले, "म्हणजे लेकरू हासत असलं, तवाच तपासाचं का साहेब?" डॉक्टरांनी होकार दिला. दुपारी त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर चार महिन्यांचा नातू होता आणि मागोमाग सून व मुलगा होते. बालकाचा नमुना एचपीएलसी तपासणीसाठी पाठविण्यात आला आणि आईवडिलांचे रक्त तेथेच घेण्यात आले.